पितळ उजळणारा घरगुती ड्रम : एका वादाचा आढावा

भिवंडीत जुने लूम भंगारात निघू लागले, तसे मोटारी, पुल्या, शाफ्ट, पट्टे आणि बेअरिंगे भंगारवाल्यांकडे सहज मिळू लागली. एवढ्या सामानातून लहान वर्कशॉपवाल्याला स्वतः उभे करता येईल असे एक यंत्र म्हणजे पितळेच्या लहान वस्तू घोळवून साफ करणारा फिरता ड्रम, म्हणजेच टंबलर. नळाचे भाग, व्हॉल्व्ह, बुश, कड्याकोयंडे, देवघरातल्या घंट्या असा माल हाताने घासण्यात माणसाचा दिवस जातो. ड्रम तेच काम माणसाला मोकळे ठेवून करतो.

या घरगुती यंत्राची सर्वांत बारकाईने चर्चा मात्र नळ-व्हॉल्व्हवाल्यांनी केलेली नाही. ती केली बंदुकीची काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या परदेशी, विशेषतः अमेरिकी, नेमबाजांनी. काडतुसात पितळेची पुंगळी हाच सर्वांत महाग भाग असतो आणि पुन्हा वापरता येतो तोही तोच. झाडलेली पुंगळी काजळीने माखते, म्हणून तिची सफाई करावीच लागते. कोरडे घोळवावे की ओले, यंत्र विकत घ्यावे की बांधावे, आम्ल किती घालावे, धुळीचे काय करावे, यावर तिथे अनेक वर्षे वाद चालला आहे. आपल्याकडे तो छंद रुजलेला नाही आणि त्याला सबळ कारणे आहेत. पण त्या वादातून पितळेविषयी जे ज्ञान जमा झाले, ते भिवंडीच्या वर्कशॉपलाही लागू पडते. हा वाद आज कुठे आहे, कोणत्या बाजूचे म्हणणे कितपत टिकते आणि काय अजून सुटलेले नाही, हे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

वस्तू एकमेकींवर आणि एखाद्या घासणाऱ्या पदार्थावर घोळवून गुळगुळीत करण्याची युक्ती जुनी आहे. खंबायतचे अकीक कारागीर मणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या पिशवीत भरत. दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी दिवसच्या दिवस पुढे-मागे लोळवत. पिशवीच्या जागी लाकडी पिंप आणि माणसांच्या जागी पट्ट्यावर चालणारा शाफ्ट आला, की तोच कारखान्यातला पॉलिशिंग ड्रम होतो.

पितळेच्या काडतुसांचे आणि महाराष्ट्राचे नाते दीडशे वर्षांहून जुने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. अंबरनाथची आयुध निर्माणी तर भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हा खडकी आणि वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले, अंबरनाथ ‘यंत्र इंडिया’कडे. पुंगळी घडते ती साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेच्या चकतीपासून. चकतीची आधी वाटी होते, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात. प्रत्येक ओढीने पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करतात, विरल गंधकाम्लात बुडवून त्यावरचा ऑक्साइड काढतात आणि धुतात. पितळ साफ करणे हे त्यामुळे काडतूस बनवण्याच्या कामाचेच एक अंग आहे.

घरोघरची पद्धत वेगळी. चिंच, लिंबू, आमसूल, मीठ, राख यांनी आपल्या आज्या-पणज्यांनी पितळ उजळले. पुढे ठाण्याच्या पितांबरीसारखी तयार पावडर आली. या साऱ्यांत तत्त्व एकच: सौम्य आम्ल काळपट थर विरघळवते आणि बारीक घर्षण तो खरवडते. ड्रमही याहून निराळे काही करत नाही. कोरड्या पद्धतीत सगळी भिस्त घर्षणावर असते, ओल्या पद्धतीत आम्ल आणि घर्षण दोन्ही येतात.

पितळ काय सोसते, काय नाही

कोणत्याही बाजूचे म्हणणे जोखण्याआधी पितळेच्या दोन दुखण्यांची ओळख हवी.

पहिल्याचा धडा जगाला भारतातूनच मिळाला. ब्रिटिश फौजेची इथे साठवलेली काडतुसे पावसाळ्यानंतर बाहेर काढली, की अनेक पुंगळ्या न झाडताच तडकलेल्या निघत. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजांनी त्याला ‘ऋतूची तडक’ अशा अर्थाचे नाव दिले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडले. ओढून घडवलेल्या पितळेत ताण अडकून राहतो आणि दमट हवेतला अमोनिया नेमका त्या ताणाच्या जागी धातूच्या कणांमधून शिरतो. घोड्यांच्या तबेल्यांजवळ, त्यांच्या मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियात दारूगोळा ठेवल्याची ती किंमत होती. घडवलेले पितळ मध्यम उष्णतेवर तापवून ताण सैल केला की तडकणे थांबते. यावरून सफाईसाठी निघणारा नियम निर्विवाद आहे: अमोनिया असलेले पॉलिश किंवा काचा पुसण्याचे द्रव ओढून किंवा ठोकून घडवलेल्या पितळेवर वापरू नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर मुळीच नाही.

दुसरे दुखणे जस्त निघून जाण्याचे. तीव्र आम्लात किंवा सौम्य आम्लात फार वेळ ठेवलेल्या पितळेतून जस्त आधी निसटते आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी झाक उरते. ही झाक दिसली की आम्ल जास्त झाले किंवा वेळ जास्त झाला, असे समजावे. ती नुसत्या घासण्याने जाते, पण वारंवार होत राहिली तर पृष्ठभाग दुबळा होतो.

कोरड्या घोळणीची बाजू

कोरड्या पद्धतीचे समर्थक अक्रोडाच्या कवचाचा चुरा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरखुंडाचा दाणेदार चुरा वापरतात. अक्रोड कडक असल्याने तो मळ कापतो. बुरखुंड मऊ आणि शोषक असल्याने झळाळी देते. चुऱ्यात थोडे अमोनियारहित पॉलिश घालतात. आपल्या कारखान्यांत लाकडाचा भुसा याच कामाला येतो. भुसा कोरडा हवा आणि सागवानासारख्या तेलकट लाकडाचा नको, कारण त्याचा डाग बसतो.

त्यांचे मुख्य मुद्दे तीन. पाणी नसल्याने वाळवण्याचा व्याप नाही, आणि जून ते सप्टेंबरच्या भिवंडीत हा मुद्दा हलका नाही. सांडपाणी निर्माण होत नाही. शिवाय वस्तूंवर आघात कमी होतो, धारा आणि आटे शाबूत राहतात. उणीव तेही मान्य करतात. आतल्या पोकळीतला मळ पूर्ण निघत नाही, काम पाच-सहा तासांपासून रात्रभर चालते आणि बारीक छिद्रांत चुऱ्याचे दाणे अडकतात. सर्वांत गंभीर मुद्दा धुळीचा. त्याकडे पुढे स्वतंत्रपणे येऊ.

ओल्या घोळणीची बाजू

ओल्या पद्धतीत ड्रममध्ये पाणी, भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक पिना असतात. प्रचलित पिन सुमारे १.२ मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असते. ती कोनाकोपऱ्यांत शिरते, म्हणून दोन-तीन तासांत वस्तू आतून-बाहेरून नव्यासारखी दिसते. पिना झिजत नाहीत म्हटले तरी चालेल. अक्रोडाचा चुरा मात्र मळला की फेकावाच लागतो. ओल्या पक्षाचा सर्वांत जोरदार युक्तिवाद आरोग्याचा आहे: धूळ पाण्यात बसते, ती श्वासात जात नाही.

विरोधकांचे आक्षेपही वजनदार आहेत. धातूवर धातू आपटल्याने पुंगळीचे तोंड किंवा आट्याची धार ठोकली जाऊन जाडावते. पिना भोकांत अडकतात. विशेषतः दोन पिना एकाच छिद्रात शिरल्या तर त्या काढणे जिकिरीचे होते. काळे पडलेले पाणी कुठे ओतायचे, हा प्रश्न उरतो. आणि नीट न वाळवलेले चकचकीत पितळ दोन दिवसांत पुन्हा डागाळते. यावर उपाय म्हणून ओल्या पक्षातले अनेकजण शेवटी थोडा वेळ सुक्या बुरखुंडात घोळवतात. याचा अर्थ वादाच्या दोन्ही टोकांची माणसे प्रत्यक्ष कामात एकमेकांच्या जवळ आली आहेत.

ओल्या ड्रमविषयी एक इशारा दोन्ही पक्ष देतात. आम्ल आणि धातू यांतून वायू सुटतो. घट्ट बंद झाकणात त्याचा दाब साठतो, म्हणून आम्ल चिमूटभरच ठेवावे आणि झाकण सावकाश, तोंड लांब ठेवून उघडावे. ॲल्युमिनियमचे भाग पितळेसोबत कधीही घालू नयेत.

फिरणारा, थरथरणारा, बांधलेला, विकतचा

विसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखान्यांत थरथरणाऱ्या भांड्याचे यंत्र आले. त्यात ड्रम फिरत नाही. स्प्रिंगांवर ठेवलेले भांडे मोटारीवरच्या असंतुलित वजनाने कंप पावते आणि सगळा माल सावकाश घोळत राहतो. ते ड्रमपेक्षा लवकर काम करते, चालू असताना वस्तू तपासता येते आणि आघात कमी होतो. मात्र घरी बांधण्यासाठी ते अवघड आहे. वजन आणि स्प्रिंग यांचा मेळ बसला नाही तर बेअरिंग आणि बोल्ट लवकर सैल होतात. म्हणून घरी बांधणाऱ्यांचा कल फिरत्या ड्रमकडेच राहिला आहे, आणि त्याचे गणित सोपे आहे.

ड्रम फार हळू फिरला तर माल तळाशी नुसता घसरतो. फार जोरात फिरला तर केंद्रोत्सारी बलाने भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो आणि घासलाच जात नाही. ही चिकटण्याची गती काढण्यासाठी ४२.३ या संख्येला ड्रमच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागायचे. आठ इंची म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमसाठी उत्तर मिनिटाला ९५ फेरे येते. सफाईला त्याच्या निम्म्याच्या आसपासची गती योग्य, म्हणजे सुमारे ५० फेरे.

बाजारातली चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. मोटारीवर दोन इंची पुली आणि शाफ्टवर सात इंची पुली बसवली की शाफ्टचे सुमारे ४११ फेरे होतात. शाफ्ट २५ मिलिमीटर जाड असेल आणि २०० मिलिमीटरचा ड्रम त्यावर नुसता टेकून फिरत असेल, तर ड्रमला मिनिटाला सुमारे ५१ फेरे मिळतात. गिअरबॉक्सची गरजच उरत नाही. दोन समांतर शाफ्ट, चार पेडेस्टल बेअरिंगे, शाफ्टवर चढवलेला रबरी नळीचा तुकडा आणि शेतीच्या पाइपलाइनचा पीव्हीसी नळ यांत यंत्र तयार होते. (नळी चढवल्याने शाफ्टचा व्यास वाढतो, तो हिशेबात धरावा.) ड्रमच्या आत दोन-तीन उभ्या पट्ट्या चिकटवल्या तर माल वर उचलला जाऊन नीट कोसळतो. नुसत्या गुळगुळीत भिंतीवर तो घसरत राहतो. लहान ड्रमला पाव अश्वशक्ती पुरते. लूमची मोटर त्याहून दणकट असते, त्यामुळे ती सहज चालते, पण वीज जास्त खाते.

विकतच्या यंत्राच्या बाजूने सांगितले जाते की झाकण गळत नाही, आवाज कमी होतो आणि मोटारीला उष्णतेपासून संरक्षण असते. बांधलेल्याच्या बाजूने सांगितले जाते की आकार आपल्या मालाप्रमाणे ठेवता येतो आणि बिघडले तर दुरुस्ती गल्लीतच होते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण घरी बांधताना पट्ट्यावर जाळी, मोटारीला अर्थिंग आणि ओल्या कामासाठी विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, या तीन गोष्टींत काटकसर करणे कोणत्याही बाजूला मान्य नाही.

धूळ आणि पाणी

झाडलेल्या पुंगळीत टोपीच्या (म्हणजे दारू पेटवणाऱ्या, बुडाशी बसवलेल्या भागाच्या) स्फोटक मिश्रणातून उरलेले शिसे असते. कोरड्या घोळणीत ते चुऱ्याच्या धुळीत मिसळते आणि चाळताना, ओतताना श्वासात जाते. हा छंद जिथे आहे तिथल्या वादाला गेल्या काही दशकांत ओल्या पद्धतीकडे वळवले ते या जाणिवेने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित ठरलेली नाही, आणि मुलांवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो.

पुंगळ्या नसल्या तरी भिवंडीच्या वर्कशॉपची यातून सुटका नाही. नळ, व्हॉल्व्ह आणि लेथवर कातलेले भाग ज्या पितळेचे असतात, त्यात कातकाम सोपे व्हावे म्हणून शेकडा दोन-तीन या प्रमाणात शिसे मुद्दाम घातलेले असते. तो माल घोळवला की धुळीत किंवा पाण्यात तेही उतरते. ओल्या पद्धतीने धूळ वाचते, पण शिसे, तांबे आणि जस्त यांचा गाळ पाण्यात जातो. ते पाणी गटारात ओतले तर त्याची वाट नाल्यातून कामवारी नदीकडे आणि पुढे खाडीकडे जाते. धोका एकाच्या फुप्फुसातून काढून सगळ्यांच्या पाण्यात टाकणे हा उपाय म्हणता येणार नाही.

निदान करता येण्यासारखे एवढे: पाणी रात्रभर स्थिर ठेवून गाळ बसू द्यावा, वरचे पाणी पुढच्या घाण्याला वापरावे आणि गाळ झाकणाच्या डब्यात साठवावा. तळोज्याला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे, पण तिथवरची व्यवस्था नोंदणीकृत कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. महिन्याला दोन किलो गाळ काढणाऱ्या गल्लीतल्या माणसासाठी ती सोयीची नाही.

पुंगळ्यांचा प्रश्न : कायदा आणि जीव

आपल्याकडे पुंगळ्या साफ करण्याचा छंद का रुजला नाही? पहिले कारण खेळात आहे. आपले बहुतेक नेमबाज हवाई बंदूक किंवा पॉइंट टू-टू वापरतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टूचेच काडतूस लागते. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते. झाडताना ती कड चेपते आणि पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

दुसरे कारण कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्याच कायद्याचे कलम ४५, खंड (घ) मात्र पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट देते. या दोन तरतुदींमध्ये रिकाम्या पुंगळीची जागा कुठे, यावर दोन वाचने आहेत. एक वाचन म्हणते, टोपी फुटलेली पुंगळी म्हणजे नुसते पितळ. दुसरे म्हणते, हेतू पाहिला पाहिजे. निवृत्त जवानाच्या घरातली शोभेची एक पुंगळी आणि पुन्हा भरण्याजोग्या करून ठेवलेल्या पोतेभर पुंगळ्या कायद्याला सारख्या दिसणार नाहीत. न्यायालयांनीही जाणीवपूर्वक बाळगणे आणि हेतू यांना महत्त्व दिले आहे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. भंगारात आलेल्या पितळेत न फुटलेले काडतूस असू शकते. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या लष्करी गोळ्यांचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर तुकडे न केलेल्या भंगारासाठी जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीची अट कडक झाली. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावाच्या जागेच्या आसपास तोफगोळ्यांचे धातू गोळा करताना गावकरी दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामागे गरिबी आहे आणि पितळ-तांब्याचा भाव आहे.

काय सुटलेले नाही

चार प्रश्न उघडे आहेत. ओल्या घोळणीत धारा किती वेळाने जाडावतात, हे वस्तूचा आकार, पिनांचे प्रमाण आणि गती यांवर अवलंबून आहे. त्यावर सर्वमान्य आकडा नाही, फक्त वेळ कमी ठेवण्याचा सल्ला आहे. दुसरे, जुन्या वस्तू घोळवाव्यात का? संग्रहालयातले संवर्धक पितळेवरचा जुना थर इतिहासाचा भाग मानतात आणि नक्षी झिजवणारी यांत्रिक सफाई टाळतात. देवघरात रोज वापरणारे कुटुंब मात्र झळाळीलाच पावित्र्य मानते. दोन्ही भूमिका आपापल्या जागी योग्य आहेत, म्हणून निवड वस्तू पाहून करावी लागते. तिसरे, रिकाम्या पुंगळीचे कायदेशीर स्थान. चौथे आणि भिवंडीसाठी सर्वांत निकडीचे, लहान वर्कशॉपच्या गाळाचे काय करायचे.

निष्कर्ष

पितळेच्या दोन दुखण्यांवरचे शास्त्र पक्के आहे: अमोनिया नको, आम्ल थोडे, वेळ मोजका. कोरडे की ओले, या वादाचा निकाल झळाळीवर लागत नाही, कारण दोन्ही पद्धतींनी पितळ चकाकते. तो लागतो मळ कुठे जातो यावर. आटे आणि बारीक छिद्रे असलेल्या स्वच्छ मालासाठी कोरडी पद्धत, पण मास्क लावून आणि मुलांपासून दूर. काजळी आणि पोकळीतला मळ असलेल्या मालासाठी ओली पद्धत, पण गाळ साठवण्याची सोय असेल तरच. काडतुसाच्या पुंगळ्यांना घरगुती ड्रममध्ये जागा नाही. भंगारात अख्खे काडतूस किंवा ओळखता न येणारी गोळ्यासारखी वस्तू दिसली, तर तिला हात न लावता ११२ वर कळवावे.

यंत्र बांधणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की ड्रमचा आराखडा काढताना गाळाच्या डब्याची जागाही त्याच कागदावर आखा. आणि महानगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना विनंती आहे की भिवंडीच्या गल्ल्यांतला धातूचा गाळ महिन्यातून एकदा गोळा करण्याची व्यवस्था करावी. वादातला सर्वांत मोठा प्रश्न त्याने सुटेल.